आज्जाचं नाव कोरताना

बैलाचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन, खुरातला खडा वाकड्या खिळ्यानं अलगद काढत बसलेला माझा आज्जा... कडुनिंबाच्या तेलाचा कडवट वास, उन्हानं तापलेल्या शेणाची ऊब, आणि उंबऱ्यात भाकरीकडे बघत ताटकळलेली आम्ही चार भावंडं. जनावर पाणी प्यायल्याशिवाय घरातल्या माणसानं तोंडात घास घालायचा नाही, हा त्याचा कायदा. आमचं गाव म्हसवडच्या बाजूचं, उन्हाळ्यात विहीर तळाला जायची, पोहऱ्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त यायचा. तरी कायदा तो कायदा. आजी वैतागून म्हणायची, "आवं, तुमची पलटण सुटून लय वरसं झाली. पोरं भुकेली हायती." तो मान वर न करता म्हणायचा, "पोरास्नी बोलता येतंय. ह्याला येत न्हाई."

पहिल्या महायुद्धात आज्जा पलटणीबरोबर पार इराकातल्या बसऱ्याला गेला होता. तिथं त्यानं खेचरं हाकली. तोफेचे गोळे, पाण्याच्या पखाली पाठीवर लादून वाळूतून पुढच्या फळीपर्यंत न्यायच्या, आणि येताना जखमी माणसं घेऊन यायची. बंदूक त्याच्या हातात कधी आलीच नाही.

शाळेत मात्र मी सांगितलं होतं — माझ्या आज्जानं एकट्यानं पन्नास माणसं गोळ्या घालून पाडली. चौथीत होतो. पोरं माझ्या मागंमागं फिरायला लागली, आपल्या चिंचा मला द्यायला लागली. गोष्ट फिरत फिरत आज्जाच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी तो पटका बांधून थेट वर्गात आला.

"गुरुजी, पोरगं खोटं बोललं. म्या बंदूक धरली न्हाई. खेचरं हाकली."

एवढं बोलून तो गेला. वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून माझं नावच खेचर पडलं. मी दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचं. आज्जा समजूत काढायला आला नाही, मी जाब विचारायला गेलो नाही. असली दोन माणसं एका घरात... आईचे मात्र हाल झाले.

आता यंदा गावानं जुन्या फौजींच्या नावांची शिळा बसवायची ठरवली. कराडला नोकरीला असलेला माझा नातू विकास मजकूर लिहून घेऊन आला आणि मोठ्यानं वाचायला लागला, "शत्रूवर तुटून पडलेले रणवीर..."

"थांब," मी म्हणालो. "खेचरवाला लिही."

"आप्पा, सगळ्यांच्या पुढं काय काय लिवलंय. आपलंच तेवढं खेचरवाला? लोक हसतील."

"हसू देत. मला सवय हाय."

"आवं, खरं-खोटं बघायला कोण येणार हाय?"

"तो आला असता."

विकास चार दिवस माझ्याशी बोलला नाही. सून ताट आपटून ठेवायची. शेवटी मी पंचायतीत निरोप धाडला, खेचरवाला नसेल तर नावही नको. तेव्हा कुठं कोरलं.

काल शिळेपुढं उभा राहून एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचलं. शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही अर्धं, त्यामुळं वेळ लागला. बरोबर होतं सगळं. मग उगीचच संताप आला. घरी दोन थोबाडीत दिल्या असत्यास तरी भागलं असतं की, आज्जा... वर्गात कशाला आलास?

हा राग काही गेलेला नाही. आणि काढायचा म्हटलं, तर समोर माणूस नाही.