गजूदादांचा खटका

गजूदादा गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "बाय, तुजी एक वस्तू हाय आमच्याकरं. न्यायला ये." महिना झाला, पाय निघत नव्हता... त्यात दहाव्याला कुणीतरी म्हणालं म्हणे, "हट्ट नडला, नाहीतर पदकं मिळाली असती." तेव्हापासून डोकं तापलंय. म्हणून हे लिहितेय.

ऐंशीच्या दशकात पावणे गावातल्या एका कारखान्यात गजूदादा टर्नर होते, मी पॅकिंगला. मालकांच्या मेव्हण्यानं परदेशातून दोन कंपाउंड धनुष्यं आणली होती. दोन्ही टोकांना चाकं, त्यामुळे दोरी पूर्ण ओढली की ताण हलका व्हायचा. खाडीकडच्या मोकळ्या जागेत आम्ही रविवारी नेम धरायचो. दोरी बोटांनी ओढायची, बोटांनीच सोडायची. दोरी हुकात अडकवून चाप दाबायचा, असा 'रिलीज' एकानं मासिकात दाखवला, तर गजूदादांनी तो खटका म्हणून उडवून लावला. "बोटानी सोरलेला बान आपला. खटक्यानी सोरलेला, त्या खटक्याचा!" यावरून आमचे कायम वाद. खटक्यानं दोरी एकसारखी सुटणार, हे मला सरळ दिसत होतं.

मग मशीनमध्ये माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची दोन पेरं गेली. धनुष्य संपलं, असं मीच ठरवून टाकलं. गजूदादा पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत लेथवर खुडबुड करत होते आणि एके दुपारी त्यांनी माझ्या तळहातावर स्टीलचा खटका ठेवला. "जिवावर आलंय माज्या," म्हणाले, "पन धर."

पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी दोघांना निवडायचं होतं. चाचणीत त्या खटक्यानं मी पहिली आले, गजूदादा दुसरे. निवड करणारे साहेब म्हणाले, "ही यंत्रानं मारते. हिचं धरायचं नाही. गजानन, तुम्ही आणि तिसरा जा." मी निमूट आवरायला लागले होते. गजूदादांनी आपलं धनुष्य साहेबांच्या पायाशी ठेवलं. "चाकं चालतान तुमाला, आन खटका चालत नाय? ही नाय, त मी बी नाय." साहेबांनी दोघांनाही वगळलं. परतताना गजूदादा मला म्हणतात काय, "तरी खटका वाईटच." मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

तर हा तो हट्ट. पदकं त्यानंच गेली असतील तर खुशाल जावोत, मला त्याची लाज नाही.

गेल्या रविवारी सानपाड्याला वहिनींकडे गेले. त्यांनी बिस्किटाचा डबा उघडला. आत कातडी पट्टी होती, दोरी बोटांना कापू नये म्हणून बांधतात ती. मधल्या बोटाची जागा अर्धीच कापलेली... माझ्या मापाची. "दर दिवालीला तेल लावायचे," वहिनी म्हणाल्या. "एक दिस मागंल, म्हनायचे."

काल ऐरोलीच्या मैदानावर, मी अजून नेम धरते तिथं, खटका खिशातच ठेवला आणि पट्टी बांधून दोरी ओढली. थोट्या बोटासकट बोटांनीच सोडली, बाण लक्ष्याच्या बाहेर गवतात गेला. जाऊ दे. माझा होता.