‘वरचा खण’ हे नाटक एल्विराचं आहे

एल्विरा गेल्याची बातमी मला फिरत्या फाइलमधून कळली. योकोहामातल्या आमच्या सरकारी वसाहतीत सूचनांची एक फाइल दारोदार फिरते. आपण वाचायची, आपल्या नावासमोर शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराला अडकवायची. कचऱ्याचे बदललेले वार, पाणी बंद राहण्याची वेळ आणि त्याखाली एक ओळ : चौथ्या मजल्यावरील सालास-सान यांचे रुग्णालयात निधन, अंत्यविधी घरच्यांपुरता झाला. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. पंधरा वर्षं दर गुरुवारी मी तिच्याकडे जात होतो, आणि तिच्या मुलीने, नाओमीने, मला फोन केला नव्हता. मी शिक्का मारला, फाइल पुढच्या दारी अडकवली आणि खुर्चीत येऊन बसलो. फोन का आला नसेल, याची मला पुसटशी कल्पना होती...

एल्विरा पेरू देशातल्या आरेकिपा शहरातली. जपानी वंशाच्या नवऱ्याबरोबर ती इथे कारखान्यात कामाला आली. तिथल्या मुकादमाने सगळ्या बायकांचे पासपोर्ट ‘जपून ठेवतो’ म्हणून आपल्या टेबलाच्या वरच्या खणात कुलपात घातले. दोन वर्षं ती त्या कारखान्याच्या आवारात राहिली. बाहेर पडल्यावर जपानी शिकली, इस्पितळात दुभाषी झाली आणि रविवारी नाटकं लिहू लागली. स्पॅनिशमधली नऊ नाटकं. कारखान्यातलीच माणसं ती वॉर्डाच्या सभागृहात करत. काही जपानी नाटकं तिने स्पॅनिशमध्येही नेली. आमची ओळख मात्र कचऱ्यावरून झाली. माझी कचरा तपासायची पाळी होती आणि तिच्या हातात माझीच पिशवी होती. म्हणाली, “माटे-सान, बाटलीचं झाकण वेगळं टाकायचं. तुम्ही इंजिनियर ना?”

तिची एक गोष्ट आधी सांगायला हवी. तिच्या देशात नावापुढे दोन आडनावं लावतात, आधी वडिलांचं आणि मग आईचं. एल्विरा सालास ममानी. ममानी हे तिच्या आईचं, डोंगरातल्या लोकांचं आडनाव. तिकडचे कारकून ते ऐकून नाक मुरडत, आणि इकडच्या फॉर्मवर चौकोन संपत म्हणून ते गळून पडे. प्रत्येक खिडकीवर ती शांतपणे फॉर्म परत करायची. “अजून एक शब्द आहे,” एवढंच म्हणायची. मी एकदा विचारलं, कशाला एवढा त्रास? ती म्हणाली, “आईला लिहिता येत नव्हतं. तिचं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं.”

‘वरचा खण’ हे त्या कारखान्यातल्या तीन बायकांचं नाटक. ते मराठीत आणायचं आम्ही ठरवलं तेव्हा आम्हा दोघांमध्ये एकच भाषा होती, जपानी, आणि माझी तर मोडकी. ती वाक्याचा अर्थ सांगे, मी मराठीत लिही आणि मोठ्याने वाचे. मराठीचा एक शब्द तिला येत नसे, पण मी वाचत असताना ती खिडकीपासून मोरीपर्यंत चालत राही. पाऊल अडखळलं की थांबे. “इथे बाई इतकं लांब बोलणार नाही. तुमच्या बायका फार सभ्य आहेत, माटे-सान. कोंडलेलं माणूस वाक्य पूर्ण करत नाही.” मी मूळ स्पॅनिश वाक्याची लांबी पाहून खात्री केली, की प्रत्येक वेळी तिचंच बरोबर निघे. दोन वर्षं असं चाललं. जवळच्या उरायासू शहरातल्या मराठी मंडळींनी त्याचा प्रयोग केला तेव्हा ती शेवटच्या रांगेत बसून पायाने ठेका धरत होती. त्या दिवशीच्या पत्रिकेवर लेखिका म्हणून तिचं नाव होतं, तिन्ही शब्दांत.

मग पुण्याहून माझा कॉलेजचा मित्र श्रीधर याचा फोन आला. त्याच्या हौशी संस्थेला स्पर्धेसाठी नाटक हवं होतं, पण नियम होता की संहिता नवीन आणि स्वतंत्र हवी. अनुवाद चालत नव्हता. “अरे, नुसती एक खूण करायची आहे,” तो म्हणाला. “मराठी तर तुझंच आहे ना? त्या बाईंना कोण सांगायला जातंय?” मी ‘स्वतंत्र लेखन’ या शब्दांपुढे खूण केली. नाटक पहिलं आलं. सत्तरीला आलेल्या माणसाला लोक ‘नाटककार’ म्हणू लागले. मला ते आवडलं, हे लपवण्यात आता अर्थ नाही. प्रयोग वाढले, पुस्तक निघालं, आणि प्रत्येक अभिनंदनाबरोबर खरं बोलणं आणखी अवघड होत गेलं.

पुस्तक तिला दाखवणं भाग होतं. तिने दोन्ही हातांनी घेतलं, मुखपृष्ठावरच्या देवनागरीकडे बघितलं आणि विचारलं, “माझं नाव कुठे आहे?” मी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. ती प्रकाशकाच्या नावाची ओळ होती. तिने त्यावरून बोट फिरवलं, शब्द मोजले आणि म्हणाली, “तीन. म्हणजे ममानीसुद्धा आहे.” मी मान हलवली.

यानंतर सात वर्षं मी तिच्याकडे जात राहिलो. इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे गेल्यावर तिला चार जिने उतरता येईनात, आणि शेवटची दोन वर्षं ती त्या खोलीतच होती. आम्ही आणखी एक नाटक मराठीत करायला घेतलं होतं. मी वाचे, ती खुर्चीत बसून ऐके. चालत नसे. पाय दुखतात म्हणून, असं मी धरून चाललो. आज सांगण्याची संधी आहे, असं प्रत्येक गुरुवारी जिना चढताना वाटे, आणि उतरताना पुढचा गुरुवार आहेच असं वाटे. शेवटी ती रुग्णालयात होती तेव्हा मी गेलोच नाही.

ती गेल्यावर दहा दिवसांनी नाओमी माझ्या दारात आली. घर रिकामं करायला आली होती. हातात ते पुस्तक. “हे तुमचं आहे,” ती म्हणाली. “स्टेशनजवळच्या कोंबिनी दुकानात केतकी-सान काम करतात ना, त्या मराठी आहेत. आईने त्यांना मोठ्या कौतुकाने मुखपृष्ठ दाखवायला नेलं होतं. पुस्तक आलं त्याच आठवड्यात. त्यांनी त्यावरचं लेखकाचं नाव वाचून दाखवलं. तुमचं.”

मी पुस्तक हातात घेतलं. “म्हणजे सात वर्षं... ती काहीच बोलली नाही?”

“मी भांडत होते तिच्याशी. ती म्हणायची, माझा पासपोर्ट दुसऱ्याकडे होता, मी काही करू शकत नव्हते. माटे-सानच्या खणाची किल्ली त्यांच्याच खिशात आहे.”

मी श्रीधरला फोन केला. तो म्हणाला, “आता कशाला? बाई गेल्या, तू ऐंशीकडे चाललास. संस्थेला बक्षीस परत करावं लागेल, ते वेगळंच.” मी म्हटलं, करावं लागेल. संस्थेला आणि प्रकाशकाला पाठवायचं पत्र मी मराठीत लिहिलं, आणि नाओमीला वाचता यावं म्हणून जपानीतही. चार दिवस लागले. ते घेऊन वर गेलो तेव्हा खोलीत फक्त एक स्टूल आणि चहाची किटली उरली होती. नाओमीने उभ्याउभ्याच वाचलं. मग पेन्सिल मागितली आणि एक शब्द खोडला. मी लिहिलं होतं, ‘सालास ममानी यांचा सहलेखक’. त्या पत्रातसुद्धा मी थोडी जागा धरून ठेवली होती, आणि खरं सांगतो, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तिने वर ‘अनुवादक’ लिहिलं.

“तुमच्याकडे अनुवादकाचं नाव कुठे छापतात?” तिने विचारलं.

“लेखकाच्या खाली. लहान अक्षरात.”

“मग तिथे छापायला सांगा,” ती म्हणाली आणि किटली पुसायला लागली.

ते पान मी टेबलावर ठेवलं आहे. खोडताना तिने पेन्सिल इतकी दाबली होती की पान उलटं केलं तरी ती रेघ बोटाला लागते.