पाणी नियमित मिळते

माझ्यासाठी खुर्चीवर पेपर अंथरला.

आदल्या दिवशीचा, वाचून झालेला. ग्रामपंचायतीच्या नव्या खोलीत कंपुटरपुढं फिरणारी खुर्ची होती. उदयनं, म्हणजे सरपंचाच्या पुतण्यानं, तिच्यावर पेपर पसरला, कोपरे नीट केले आणि म्हणाला, "आता बस. हिकडं तिकडं सरकू नगं."

मी बसले. बसताना पेपर करकरला. त्या आवाजाला खोलीतले सगळे हसले.

"हात धुतलंस का?" ग्रामसेवकानं विचारलं. त्याला सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं.

"धुतलं."

"दाव."

मी दोन्ही हात पुढं केले. बारावी पास झालेली बाई मी. बालवाडीतल्या पोरागत तळवे उलटेपालटे करून दाखवले. त्यानं लांबूनच बघितलं. मग खिशातून चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात न देता टेबलावर टाकली. "एवढं टाइप कर. उद्या साहेबांपुढं ह्येच करायचं."

चिठ्ठीत होतं : ‘आमच्या वस्तीस टँकरचे पाणी नियमित मिळते. शासनाचे आभार.’

आमची वस्ती म्हणजे मांगवाडा. गाव सांगली जिल्ह्यातलं, विट्याच्या पूर्वेला, कोरड्या माळावरचं. त्या साली परतीचा पाऊसही दगा देऊन गेला होता आणि दसऱ्याआधीच टँकर सुरू झाला. टँकर यायचा आणि देवळाजवळच्या विहिरीत रिकामा व्हायचा. गावातल्या बाया शेंदायच्या. आमच्या बाया घागरी घेऊन लांब बसायच्या. कुणाला तरी दया येईल, मग ती वरून ओतेल. तोवर म्हणत राहायचं, "पानी वाढा ओ आक्का." माझी आई पाठीतनं वाकलेली. ती उन्हात बसून राहायची आणि कुणी वाढलंच नाही तर रिकामी घागर घेऊन परत यायची. तिच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नाही. मला मात्र यायच्या, लय यायच्या, आणि मी त्या गिळायची.

माझे वडील, अण्णा, घायपाताचे दोर वळायचे. त्या विहिरीचा दोर त्यांच्याच हातचा. दर वर्षी नवा दोर अण्णा वळायचे, देवळाच्या पायरीखाली ठेवायचे, आणि गाव तो उचलून न्यायचं. आमचा दोर पार पाण्याच्या तळाला जायचा. त्याला बाट नव्हता. दोर वळणाऱ्या हातांना होता.

हे फार जुन्या काळातलं वाटतंय ना? सरपंचाच्या घरावर डिश लागली होती तेव्हा. कोपऱ्यावर एसटीडीचा पिवळा बोर्ड होता. एकविसावं शतक आलं आलं म्हणून सगळे नाचत होते.

आणि गावात सरकारचा कंपुटर आला. जीपमधून आला, हलगी लावून उतरवला. ती हलगीही आमच्याच चुलत्यानं वाजवली. नारळ फुटला. तालुक्याच्या साहेबानं भाषण केलं. म्हणाला, आता गाऱ्हाणं घेऊन सांगलीला खेटे घालायचे नाहीत. इथं बसायचं, लिहायचं, आणि टेलिफोनच्या तारेतनं ते थेट जिल्ह्याला पोचेल. "सरकार आणि तुम्ही. मध्ये कुणी नाही."

मध्ये कुणी नाही. मी लांब लिंबाखाली उभी होते, आमच्या बायांत. पण हे तीन शब्द माझ्या काळजात जाऊन बसले. मी विट्याला मामाकडं राहून मराठी टायपिंग शिकलेले. मला वाटलं, माणसाला कळते ती जात यंत्राला कुठली कळायला? बटणावर बोट कुणाचं, हे त्याला काय ठाऊक? एक वाक्य लिहायचं : टँकर आमच्या वस्तीवर येऊ द्या, आमची वेगळी टाकी बांधा. बस. आईला लांब बसावं लागणार नाही. मी इतकी येडी होते.

कंपुटर चालवायला मी अर्ज केला. उदयला नेमलं. तो सांगलीला कसलासा कोर्स करून आलेला, आणि दिवसभर त्यावर पत्ते खेळायचा. मराठी टाइप करायला लावलं की त्याला घाम फुटायचा. सरपंच मला म्हणाले, "तू झाडलोटीला ये की. मशीन बघायला तरी मिळंल तुला."

बघायलाच. खोलीचा पार देव्हारा केला होता त्यांनी. चप्पल बाहेर. कंपुटरवर भरतकामाचा रुमाल. फरशी मी पुसायची, टेबलाचे पाय मी पुसायचे. टेबलाच्या वर हात न्यायचा नाही.

खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा. कुणी नांगर पुजला, कुणी मोटारसायकल. घरात अण्णांनी दोर वळायची चकरी धुऊन पुजली. पंचायतीत कंपुटरची पूजा झाली, दणक्यात. हळद-कुंकू, झेंडूची माळ, अक्षता. अक्षता टाकल्या त्या थेट बटणांवर! दुसऱ्या दिवशी निम्मी बटणं अडकली. उदय ठोकत बसला आणि वैतागून चहाला गेला. मी झाडत होते. मला बघवेना. मी केसातला आकडा काढला आणि फटीतला एकेक तांदूळ उकरायला लागले.

"ए! शिवली! मशीनला शिवली ही!" उदय दारातच बोंबलला.

माणसं धावली. मला वाटलं, आता मार. पण भाऊसाहेब थांबले, माझ्याकडं बघत राहिले. मग सरपंचाला म्हणाले, "आबा, हिला मराठी टायपिंग येतंय न्हवं? सांगलीचं मोठं साहेब यायचं हायत. वस्तीतली बाई कंपुटरवर बसलेली दिसली तर फोटू झकास यील."

मी बाहेर पडून पायरीवर आले तोवर आत गोमूत्राचा वास सुटला होता. तांब्यात दर्भ बुडवून शिंपडत होते. बटणांवर! तांदळानं बिघडलेलं यंत्र गोमूत्रानं दुरुस्त करणारी ही शहाणी माणसं.

आणि म्हणून ती तालीम, ती चिठ्ठी आणि तो पेपर.

चिठ्ठी वाचून मी म्हणाले, "भाऊसाहेब, पर पानी मिळत न्हाई आमाला."

"तुला टाइप कर म्हटलंय. इचारलं न्हाई काय."

"खोटं कसं लिवू?"

मग त्याचा आवाज मऊ झाला. "हे बघ. साहेब खुश झालं की तुमच्या टाकीचं बघतो. माझा शब्द."

घरी सांगितलं. अण्णा दोर वळत होते. हात न थांबवता म्हणाले, "लिव की. त्यात काय जातंय तुझं? टाकी व्हतीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत टँकर आला. आमच्या जन्मात पहिल्यांदा. ड्रायव्हर म्हणाला, "भरा बिगीबिगी, साहेबांस्नी भरल्या घागरी दिसाय पायजेत." बाया पळत सुटल्या. घागरी, हंडे, डबे, काहीही. आईनं भरली घागर उचलली आणि हसली. मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती. ओले हात माझ्या गालाला लावून म्हणाली, "आता खोटं न्हाई ऱ्हायलं, बाय. आलं की पानी. लिव आता, मिळतंय म्हून."

मला रडू आलं. एवढ्या एका घागरीसाठी आपण खोट्याचं खरं करायला तयार होतो, आणि तेही हसत. त्या रांडेच्यांनी माझ्या आईच्या तहानेचाच सापळा केला होता.

साहेब आले. चकचकीत बूट घालून थेट आत. चप्पल बाहेर ठेवा, असं त्यांना कुणी म्हणालं नाही. आज खुर्चीवर पेपर नव्हता, फोटोत दिसला असता. मागं सरपंच, भाऊसाहेब, उदय, कॅमेरेवाला. साहेब म्हणाले, "घाबरू नका. तुमचं जे म्हणणं आहे ते लिहा. हे तुमच्यासाठीच आहे."

चिठ्ठी बटणांशेजारी ठेवली होती. मी ती उलटी केली. आणि लिहिलं :

‘आज पाणी आले. साहेब येणार म्हणून आले. उद्या येणार नाही. आम्हाला विहिरीला शिवू देत नाहीत. मी उठल्यावर या बटणांवर गोमूत्र शिंपडतील.’

मला वाटलं, आता स्फोट होणार. आता साहेब वाचणार, मागं वळणार, विचारणार.

साहेब वाकले. पडद्याकडं पाहिलं. म्हणाले, "वा! मराठीत उमटतं हे? आणि स्पीड बघा मुलीचा!"

फ्लॅश पडला. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पुन्हा फ्लॅश पडला. मग ते नाश्त्याला गेले.

त्यांनी वाचलं नाही. एक अक्षर वाचलं नाही त्यांनी. माझं सगळं आयुष्य त्यांच्या नाकासमोर उजेडात लिहिलेलं होतं, आणि त्यांना फक्त स्पीड दिसला.

वाचलं ते उदयनं. त्याचं तोंड पांढरं पडलं. मी म्हणाले, "पाठीव. थेट जिल्ह्याला पाठीव."

तो आधी घाबरला, मग हसायलाच लागला. टेबलामागची तार ओढून माझ्यापुढं धरली. ती कशालाच जोडलेली नव्हती. "कुठं पाठवू? टेलिफोनची लाइनच आली न्हाई अजून. मशीन आल्यापास्नं एक अक्षर हितनं बाहेर गेलं न्हाई, येडे."

मी जिच्यावर इतका जीव टाकला होता ती तार फरशीवर पडली. ती फरशी मीच रोज पुसत होते.

संध्याकाळी मला कामावरून काढलं. गोमूत्र शिंपडलं ते मला थांबवून, माझ्या देखत. दुसऱ्या दिवशी टँकर देवळाजवळच रिकामा झाला, आणि त्या दिवशी आमच्या बायांना कुणी वाढलं नाही. "लिव आता कंपुटरवर," असं ओरडून सांगत होत्या विहिरीवरच्या. आई रिकामी घागर घेऊन आली. मला काही बोलली नाही. बोलली असती, एक थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. अण्णा बोलले, "भरल्या ताटात माती कालिवलीस." वस्तीतल्या बायाही माझ्याकडं बघेनात.

फोटो मोठा करून तालुक्याच्या कचेरीत लावला. मी स्वतः पाहिला. खाली लिहिलं होतं : ‘वंचितांच्या हाती तंत्रज्ञान’. माझ्यामागं साहेब हसतायत. पडद्यावर माझी ओळ आहे, पण अक्षरं वाचता येत नाहीत. नुसता पांढरा उजेड.

उन्हाळ्यात आणखी मोठे साहेब यायचे ठरले. कंपुटर तसाच, तार तशीच. उदयला मराठी अजून येत नव्हतं. भाऊसाहेब आमच्या दारात आले. आत नाही, दाराबाहेर लिंबाच्या सावलीला उभे. "पोरगीला पाठीव रं. मागचं सोडून दिलं आबांनी. ह्या टायमाला टाकी पक्की."

अण्णांच्या मांडीवर विहिरीचा नवा दोर होता, वळून तयार. ते माझ्याकडं बघत होते. आई चुलीपुढून बघत होती. घरात प्यायला पाणी नव्हतं.

मी बाहेर आले. म्हणाले, "आदी टाकी बांधा. आमच्या वस्तीत. तिच्यात पानी सोडा. आई भरंल, मी बघंन, मग येते. आन जे हाय तेच लिवणार. चिठ्ठी न्हाई, पेपर न्हाई."

"मस्ती आली का गं?"

"व्हय. आली."

त्यानं अण्णांकडं बघितलं. "दोर झाला का रं?" अण्णा उठले. दाराशी गेले, दोर जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरले. भाऊसाहेबांनी तो उचलला, खांद्यावर टाकला आणि गेले. आईनं घागर घेतली आणि त्याच वाटेनं विहिरीकडं लांब बसायला गेली.

टाकी झाली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. माझ्या न जाण्यानं कुणाचं काही अडलं नाही. विट्याहून कुणीतरी टाइप करणारं आणलं, आणि पाणी नियमित मिळते असं लिहून घेतलं.

पण ते माझ्या हातानं लिहिलं गेलं नाही. अण्णांनी दोर दिला. मी हात दिला नाही. देणार नाही, घशाला कोरड पडली तरी.