डोंगरावरच्या तिरप्या रेघा

आखातातल्या मनामा शहरात, आमच्या इंग्रजी पेपरात ताहिर नकाशे काढायचा. कुठे भूकंप झाला, कुठे युद्ध पेटलं, की त्याच्या टेबलावर कागद जायचा आणि हा पठ्ठ्या आधी डोळे मिटून बसायचा. "ताई, तिकडे वारा कुठून येत असेल?" असं मलाच विचारायचा. मी डेस्कवर बातम्या कापणारी पुण्याची बाई. पान छपाईला सोडायची वेळ झालेली, मला वाऱ्याचं काय! मी खेकसायचे. तो हसायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा.

मूळचा तो रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावातला. आधी इथल्याच जिदहफ्स गावच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. या सपाट बेटावर राहूनही त्याला जिकडेतिकडे डोंगर दिसायचे. समोरचा चहा निवून जायचा, याचा पत्ता नसायचा. 'आलास का रे परत?' असं आम्ही त्याला दिवसातून चारदा चिडवायचो.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये जेरुसलेमच्या दक्षिणेला एका डोंगरावर इस्रायलने नवी वसाहत बांधायला घेतली. अरब त्याला जबल अबू घुनैम म्हणत, इस्रायली हर होमा. एजन्सीकडून रोज बातमी यायची आणि तिच्या शेवटी एक परिच्छेद ठरलेला असायचा: व्याप्त भूमीवरच्या वसाहती आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहेत असं बहुतेक देश मानतात, इस्रायलला ते मान्य नाही. आता जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, ही पेपरातली रीत. त्यामुळे रोज कात्री चालायची ती त्या बिचाऱ्या कायद्यावर. मी भांडून एकदा तो परिच्छेद वर नेला, तर आमचा मुख्य उपसंपादक म्हणाला, "वाचकांना तो पाठ झालाय." असा संताप आला मला! पाठ झाला म्हणून काय कायदा संपतो?

नकाशा मात्र कधी कापला जात नसे. त्यात वसाहतीची जागा तिरप्या रेघांनी भरलेली असायची. त्या रेघा ताहिरच्या.

आमच्याकडे भाषांतर करणारी रुकय्या पॅलेस्टिनी. तिचे वडील नजीब उस्ताद त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावातले. तरुणपणी इथल्या रिफा गावच्या शाळेत गणित शिकवायला आले, दोन वर्षांसाठी म्हणून. तेवढ्यात सदुसष्टचं युद्ध झालं, गाव इस्रायलच्या ताब्यात गेलं आणि त्यांना परत जायची परवानगी कधी मिळालीच नाही. आता ते सलमानियाच्या हॉस्पिटलात हृदयाच्या ऑपरेशनची वाट बघत पडले होते.

"पेपरात रोज आमचा डोंगर येतो, पण रेघांखाली," रुकय्या ताहिरला म्हणाली. "बाबांना तो एकदा पूर्वीसारखा बघायचाय. ऑपरेशनच्या आधी. नंतरचं कोणी सांगावं!"

ताहिर दुपारचा हॉस्पिटलात जाऊन बसू लागला. एकदा मीही गेले. खिडकीबाहेर धुळीतलं पिवळसर ऊन होतं. आत उस्ताद डोळे मिटून हवेत बोट फिरवत होते: इथून चढ. इथे दगडी बांध. इथून पुढे पाइनची झाडं, त्यांच्या सावलीत आम्ही बकऱ्या बसवायचो. ताहिरही डोळे मिटून 'हं, हं' करत त्यांच्या मागोमाग चढत होता. खोलीत औषधांचा वास होता, पण मला खरंच क्षणभर झाडांतून वारा आल्याचा भास झाला. नर्स आली तेव्हा मी तिला हातानेच थांबवलं.

त्या संध्याकाळी पेपरच्या नकाशात रेघा मारताना ताहिर पहिल्यांदाच कुरकुरला. "ताई, माझ्याच्यान नाय होत आता. तिथली झाडां माहीत झालीत मला."

रेघा त्याने मारल्या, पण घरी जाऊन दुसरा डोंगर काढला. शुक्रवारी तो घेऊन आम्ही तिघं उस्तादांकडे गेलो. काय सुंदर चित्र होतं ते! बांध, पायवाट, पाइनची सावली, सगळं जिथल्या तिथे. उस्तादांनी कितीतरी वेळ पाहिलं. पायवाटेवरून बोट नेत ते वरपर्यंत गेले. डोळे भरून आले होते, तरी चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मीही रडले, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "रेघा कुठे आहेत?"

"त्या पेपरात, उस्ताद. यात नाही मारल्या. हा तुमचा डोंगर."

"यातही मार."

"बाबा, राहू दे ना," रुकय्या म्हणाली. ताहिर तर पार गोंधळून गेला. त्याने चित्र छातीशी धरलं.

"हे चित्र तुझ्या मुलासाठी घरात राहणार," उस्ताद तिला सावकाश म्हणाले. "डोंगर असा मोकळा दिसला तर तो विचारेल, मग आजोबा परत का नाही गेले?"

शेवटी ताहिर पलंगाच्या कडेला बसला, चित्र मांडीवर घेतलं आणि खिशातलं पेन काढलं. पहिली रेघ झाडांपर्यंत पोचली तेव्हा उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"हळू," ते म्हणाले. "झाडं खालून दिसू देत."