अर्जुनानं बुडवलेल्या बाभळी

अर्जुना भोई माझ्या बांधावरून तळ्याकडं जातो, त्याला चाळीस वर्षं झाली. तळ्याला दुसरी वाट नाही. एकीकडं डोंगर, दुसरीकडं सांडवा, आणि मधे माझा दीड एकर ऊस. मी त्याला कधी अडवलं नाही, आणि हे मी चार माणसांत सांगतोही. फौजेतून सुट्टीवर यायचो तेव्हा सांगायचो, आता पेन्शनीत बसून जरा जास्तच सांगतो.

तो माझ्याच वयाचा, बासष्ट-त्रेसष्टचा. अंगानं काटकुळा, पाठीला बाक, पायाची बोटं सदा पाण्यात राहून पांढरी पडलेली. संध्याकाळी तळ्यावरून परतताना माझ्या विहिरीच्या कट्ट्यावर टेकतो, तंबाखू मळतो आणि म्हणतो, "दमलो बगा फौजी." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की त्याला मी 'रामराम'च धरून चाललो होतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या खोरेवाडीच्या तळ्यातला गाळ काढला. जेसीबी आल्या, आम्ही शेतकऱ्यांनी ट्रॉल्या लावल्या. मी एकट्यानं वीस-बावीस ट्रॉल्या ओढल्या. त्या गाळावर ऊस असा आला, की आष्ट्याच्या बाजाराला जाणारे गाडी थांबवून बघायचे. पण गाळाबरोबर तळातली जुनी बाभळीची खोडं, मुळ्या, धोंडे सगळंच निघून गेलं. तळं घासलेल्या परातीसारखं लख्ख झालं. पावसाळ्यात भोयांच्या सोसायटीनं बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिलं, सोडली. त्यांना लपायला जागाच नव्हती. दिवाळीपर्यंत पाणकावळ्यांनी त्यातली बहुतेक टिपली, मूठभर उरली. सलग तीन वर्षं हेच झालं.

मग गेल्या वर्षी जानेवारीअखेर सोसायटीची बैठक भरली. अकरा घरांची सोसायटी ती, देवळापुढच्या पारावर मावते. मीही नेहमीप्रमाणे न बोलावता जाऊन बसलो होतो. सगळ्यांचं एकच म्हणणं, जूनमध्ये तळ्यातल्या मासेमारीच्या ठेक्याची मुदत संपते, पुन्हा घ्यायचा नाही. बाहेरचा कुणी ठेकेदार घेईल, आपण त्याच्याकडं रोजावर जाऊ.

अर्जुना उठून उभा राहिला. "उन्हाळ्यापातूर थांबा," तो म्हणाला. "मी उरल्याल्या माशास्नी तळ्यात घरं करतो. उन्हाळ्यात जाळं टाकू, मासा घावला न्हाई तर सोडा तळं."

लोक हसले, मीही हसलो. पण या तळ्यात पहिलं जाळं अर्जुनाच्या बापानं टाकलं होतं. तळं गेलं तर अर्जुना भोई असूनही मासेमार राहणार नव्हता, मजूर होणार होता. शेवटी हसत हसतच त्याला मुदत मिळाली.

त्यानं बाभळीच्या फांद्या तोडायला सुरुवात केली. चंद्राबाई, त्याची बायको, फांद्या एकात एक अडकवून नायलॉनच्या दोरीनं आवळायची. खाली दोन धोंडे बांधायचे, थर्माकोलच्या तराफ्यावर ते ओझं चढवायचं, खोल पाण्यात न्यायचं आणि ढकलायचं. अशा ओझ्याला तो बाभूळच म्हणायचा. दिवसाला दोन, फार तर तीन. नंतर जाळं काट्यात अडकू नये म्हणून प्रत्येक जागेची खूण तो किनाऱ्यावरच्या दोन वस्तूंवरून धरायचा. देवळाचा कळस आणि माझ्या विहिरीवरचं जांभूळ एका रेषेत आलं, की तिथं सहा बाभळी. बाकीचे भोई आष्ट्याला हमालीला जात होते. मदतीला कुणी फिरकलं नाही.

फेब्रुवारीअखेर चाळीसएक बाभळी तळाशी गेल्या होत्या आणि अर्धं तळं अजून मोकळंच होतं. अर्जुनाचे हात काट्यांनी भरले होते. चंद्राबाई कट्ट्यावर बसून सुईनं ते काढायची आणि तो झोपेतच असल्यासारखा बसून राहायचा. मला खरंच दया आली. आणि माझी दया आली की काम बिघडतं, हे माझी बायको लग्नापासून सांगत आली आहे.

त्याच आठवड्यात माझा ऊस कारखान्याला गेला होता. शेतात उसाच्या वाळल्या पानांचं गुडघाभर पाचट पडलेलं. जाळू नका म्हणून कृषी खात्याचा माणूस सांगून गेलेला, आणि कुजवत बसायला मला सवड नव्हती. मी म्हणालो, "अर्जुना, काट्यात कशाला मरतोस? माझं पाचट ने. मोळ्या बांध, धोंडा लाव, सोड. आठ दिवसांत काम फत्ते."

त्यानं तळहातातला काटा चाचपला. मग म्हणाला, "पाचट कुजतंय फौजी."

"कुजलं की खत होतं. शेताला चालतं, तर पाण्याला का चालायचं नाही?"

"पाणी येगळं हाय जी."

"अरे, पाण्यात काय, रानात काय, कुजणं एकच. उद्या ट्रॉली लावतो."

तो मान डोलावून उठला. मला वाटलं, पटलं. नंतर वाटायचं, पटलं नव्हतं, तो दमला होता.

दुसऱ्या दिवशी दोन ट्रॉल्या पाचट मी स्वतः तळ्यावर ओतलं. सोपं काम म्हटल्यावर अकराच्या अकरा घरं आली. दोन दिवसांत तळ्याची उगवतीकडची उथळ बाजू मोळ्यांनी भरून गेली. मी काठावर उभा राहून हुकूम सोडत होतो.

एप्रिलचं ऊन आणि खाली गेलेलं पाणी. पाण्याला आधी चहाचा रंग आला, मग वास यायला लागला. एका सकाळी अर्जुना धावत गेला, म्हणून मीही मागं गेलो. उगवतीकडचे मासे पाण्यावर तोंडं काढून वासत होते. ऊन वर येईपर्यंत निम्मे उलटे झाले. पांढरी पोटं नुसती. अर्जुना तसाच छातीभर पाण्यात उतरला आणि सडकं पाचट उपसायला लागला. चंद्राबाईही उतरली. तीन दिवस ती दोघं उपसत होती. मीही एक दिवस उतरलो, मग कंबर धरली. बाकीचं कुणी आलं नाही, कारण आता काम सोपं राहिलं नव्हतं.

मे महिन्यात पुन्हा बैठक झाली. कुणीतरी विचारलं, "पाचटाचं डोस्कं कुणाचं?" ट्रॉली माझी होती हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे अर्जुनाकडं बघत होते. मी माझ्या चपलांकडं बघत होतो.

"माजंच चुकलं," अर्जुना म्हणाला.

जाळं टाकून बघायची गरजसुद्धा कुणाला वाटली नाही. तळं सोडायचं ठरलं. मी तोंड उघडायला हवं होतं. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस मी, अकरा घरांपुढं मला एक वाक्य बोलवलं नाही. याची लाज मला अजून आहे.

ठेका बाहेरच्याला गेला. त्यानं पावसाळ्यात बोटुकली सोडली. यंदा फेब्रुवारीत जाळं लावलं, आणि अर्जुना त्याच्याकडं रोजावर दोर ओढायला होता. "कळस आन जांभूळ एका रेघंत आलं की थांबा," तो ठेकेदाराच्या माणसांना सांगत होता, "खाली काटा हाय." त्या काट्याभोवती जाळं फिरवलं, तर हातभर लांबीचे कटला मासे निघाले. बाभळीत लपून पिलं जगली होती. ठेकेदार खूश झाला. तळं गुणाचं आहे म्हणाला.

संध्याकाळी अर्जुना कट्ट्यावर आला. वाट्याला आलेल्या दोन माशांतला एक त्यानं माझ्यापुढं ठेवला. "बाभळीतला हाय," म्हणाला.

मला राहवलं नाही. "अर्जुना, बैठकीत माझं नाव का घेतलं नाहीस?"

तो तंबाखू मळत होता. "नाव घिऊन दुसऱ्या दिशी तळ्यावर कुठनं गेलो असतो? वाट तुमचीच हाय."

"मी तुला कधी अडवलंय का रं?"

"न्हाई की. कवाच न्हाई." त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "म्हणून तर पाचट न्हेलं."

मग दमलो बगा फौजी म्हणत तो उठला, आणि माझ्या बांधावरून कडेकडेनं घराकडं गेला.