तिसऱ्या खोक्यातला मायक्रोस्कोप

दर महिन्याला कुरिअरने एक खोका घरी येणार, त्यात विज्ञानाचे प्रयोग करायचं सगळं सामान असणार, आणि ते प्रयोग करता करता माझी मुलगी मोबाइल विसरणार, अशी ती योजना होती. पहिले तीन खोके सवलतीत मिळायचे. आवडले तर पुढे वर्षभराचे पैसे एकदम भरायचे, आणि ती रक्कम माझ्यासारख्या कारकून बाईला दोनदा विचार करायला लावणारी होती. ऑफिसातल्या एकीने घेतलं म्हणून मीही घेतलं. तिच्या मुलाचं पुढे काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ती राज्याच्या वाटणीची वर्षं. हैदराबादेत आमच्या सरकारी ऑफिसात कपाटांवर खडूने खुणा पडल्या होत्या, हे या राज्याचं, ते त्या राज्याचं. टेबलं, पंखे, फायली वाटल्या जात होत्या. मग माणसांच्या याद्या निघायला लागल्या. ज्या भागात तुमची शाळेची वर्षं जास्त गेली तो तुमचा भाग, असा नियम आम्हाला सांगितला गेला. माझा जन्म हैदराबादचा, घर नल्लकुंट्याला, नोकरी इथली. पण शाळा मात्र नांदेडची. मुलीला मराठी नीट लिहिता-वाचता यावं म्हणून वडिलांनी मला चौथीपासून दहावीपर्यंत आत्याकडे ठेवलं होतं. तेव्हा मी रडून आकांत केला होता. आता चाळिशीत त्याच नांदेडमुळे मी ना धड इकडची ठरत होते, ना तिकडची. दादांना, म्हणजे वडिलांना, मी हे तोंडावर कधी बोलले नाही, पण मनातल्या मनात रोज बोलत होते.

आई गेल्यापासून दादा आमच्याकडेच राहत होते. नवरा रेल्वेत, सिकंदराबादहून ड्युटीवर निघाला की दोन-दोन दिवस घरी नसायचा. खोक्याचं विचारलं तर तो म्हणाला, "तू बघ." म्हणजे वाईट निघालं तर दोष माझा.

पहिल्या खोक्यात फुगे, स्ट्रॉ, दोन लोहचुंबक, एक मोठा खिळा, तांब्याची तार आणि एक गुळगुळीत कागदाची इंग्रजी पुस्तिका निघाली. हे सगळं कोठीच्या बाजारातल्या दुकानांत पाव किमतीत मिळालं असतं, हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. मला बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. मुलगी तोंड वाकडं करून बसली. दादा मात्र आत गेले आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन आले.

दादांनी सगळी हयात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत अटेंडर म्हणून काढली. परभणीकडच्या गावातून ते तरुणपणी हैदराबादला आले. आम्ही बौद्ध. त्या काळी आमच्या माणसाला कॉलेजच्या आवारात पक्की नोकरी लागणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि दादा ती नोकरी रोज नव्याने लागल्यासारखे करत. प्रॅक्टिकलच्या आधी टेबलावर सामान मांडायचं, प्रॅक्टिकल चालू असताना मागे उभं राहायचं, संपलं की सगळं धुऊन, पुसून कपाटात ठेवायचं. प्रयोग करायचे ते मुलांनी, शिकवायचं ते सरांनी.

तर दादांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्याच्या चारी कडा हाताने दाबून बसवल्या, आणि खोक्यातल्या वस्तू डावीकडून उजवीकडे मांडल्या, ज्या क्रमाने लागणार त्या क्रमाने. पुस्तिका त्यांनी वाचलीच नव्हती. मग नातीसाठी खुर्ची ओढून ठेवली आणि दोन पावलं मागे सरून हात पाठीशी बांधून उभे राहिले. मुलगी खिळ्याला तार गुंडाळायला लागली. तिने नुसता हात पुढे केला की हवी ती वस्तू तिच्या हातात पडायची. मी स्वयंपाकघरातून बघत होते. दादांच्या चेहऱ्यावर आई गेल्यानंतर पहिल्यांदाच काहीतरी काम असल्याचं समाधान होतं.

"दादा, बसा की तुम्ही पण," मी म्हटलं.

"प्रॅक्टिकल चालू हाय," ते म्हणाले.

मला ते बघवलं नाही, आणि का बघवत नव्हतं ते मी स्वतःला नीट सांगूही शकले नाही. मी कुकर लावला.

दुसऱ्या खोक्याला मुलीने अर्धा तास दिला. तिसरा आला तेव्हा तिने खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आजोबा, मेरेकू होमवर्क है," असं म्हणून ती मोबाइल घेऊन आत गेली. खोका चार दिवस टेबलावर तसाच पडून राहिला. दादा त्याच्यावरची धूळ रोज पुसत, पण चिकटपट्टी त्यांनी काढली नाही. खोका उघडणं त्यांच्या कामात येत नव्हतं.

शेवटी रविवारी सकाळी मीच उघडला. वर्षाचे पैसे भरायचे की नाही ते त्या आठवड्यात कळवायचं होतं, म्हटलं निदान बघू तरी. आत एक छोटासा प्लॅस्टिकचा मायक्रोस्कोप होता, खाली उजेड घ्यायला फिरता आरसा, काचेच्या चार पट्ट्या, त्यांच्यावर झाकायच्या पातळ काचा, आयोडीनची बाटली, आणि कांद्याचा पापुद्रा कसा बघायचा त्याची चित्रं.

"दादा, हे तर तुमचं," मी म्हटलं. "कॉलेजात तुम्ही कांद्याचे पापुद्रे किती काढले असतील."

"दर साली. शंभर-शंभर पोरं असायची," ते म्हणाले.

"मग आत कसं दिसतं?"

"मी कुठं बघलो," ते म्हणाले. "एकदा बघलो. कुणी नव्हतं म्हणून डोळा लावलो. काहीच दिसलं नाही, अंधार होता नुसता. तेवढ्यात सर आले. म्हणाले, तुम कायकू छू रहे? मग सोडून दिलो."

इतक्या सहज सांगितलं त्यांनी. इतकी वर्षं मांडलं, पुसलं, उचलून ठेवलं, आणि त्याच्यातून दिसतं काय ते या माणसाला ठाऊक नव्हतं. मला त्या सरांचा राग आला, कॉलेजचा आला, आणि दादांचाही आला, की पुन्हा एकदा डोळा लावायची हिंमत का नाही केली. मी तिथेच ठरवून टाकलं. दादांनी आज यातून बघायचं. त्यांना दिसलं तर वर्षाचे पैसे भरायचे, मुलगी ढुंकूनही न बघो. खोका दादांच्या नावाने येईल. खोक्याची किंमत वसूल होण्याचा मला दुसरा कुठलाच मार्ग दिसत नव्हता, आणि हा दिसल्यावर मला एकदम फार बरं वाटलं.

दादांनी कांदा चिरला. पाकळीच्या आतल्या बाजूने ब्लेडच्या टोकाने पापुद्रा असा सोडवला की हाताला कळलंही नसेल. त्याच्यावर आयोडीनचा एक थेंब टाकला, वरची काच तिरकी धरून हळूच टेकवली. बुडबुडा एकही नाही. अशा दोन पट्ट्या तयार केल्या आणि वर्तमानपत्रावर ओळीने ठेवल्या.

"बसा," मी खुर्ची दाखवली.

"आधी तू लावून बघ. लागलं की सांग," ते म्हणाले, आणि दोन पावलं मागे सरले.

म्हणून मी बसले. खिडकीचा उजेड आरशात घेतला, चाक मागेपुढे फिरवलं, आणि एकदम ते समोर आलं. विटांची भिंत रचावी तशा पिवळसर पेशी, एकीला एक लागून, आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका. शाळेत मी हे चित्र वहीत काढलं होतं, पण खरं कधी पाहिलं नव्हतं. मी दादांना हाक मारणार, तेवढ्यात फोन वाजला.

ऑफिसातल्या सहकाऱ्याचा फोन होता. तात्पुरती यादी लागली होती. "मॅडम, आपका नाम उधर है," तो म्हणाला. उधर म्हणजे दुसऱ्या राज्यात, म्हणजे हैदराबाद सोडायचं. मी फोन कान आणि खांद्यात दाबून धरला, डोळा तसाच नळीला लावलेला. "वो नांदेड की पढाई के वास्तेच ना?" मी विचारलं. तो हौ म्हणाला. मग अर्ज कुठे करायचा, कुणाला भेटायचं, असं काय काय सांगत राहिला. मी ऐकत होते, आणि हात आपोआप चालू होते. पहिली पट्टी काढून बाजूला ठेवली, मान वर न करता हात मागे केला आणि म्हटलं, "दूसरी लाओ. जल्दी."

ऑफिसात आमचा अटेंडर आहे, माझ्याहून वयाने मोठा. त्याला मी दिवसातून वीसदा हेच म्हणते. वो फाइल लाओ. दूसरी लाओ. जल्दी. मान वर करून म्हटल्याचं मला आठवत नाही.

"जी मॅडम," मागून आवाज आला, आणि काचेची पट्टी माझ्या तळहातावर अलगद ठेवली गेली.

दादा चेष्टा करणारे असते तर मी हसून सुटले असते. दादांनी जन्मात कधी चेष्टा केली नव्हती. मी वळून पाहिलं तेव्हा ते हात पाठीशी बांधून उभे होते, नजर टेबलावर. नांदेडचं त्यांनी ऐकलं असणार. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. मला मात्र त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

फोन मी तसाच बंद केला. पट्टी घाईघाईने सरकवली, ताडकन उठले आणि दादांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "तुम्ही बघा आता. बघाच," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ते खुर्चीच्या कडेवर बसले, पाठ ताठ, जणू कुणी आलं की लगेच उठता यावं. एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"दिसलं का?"

"दिसलं की."

"कसं आहे?"

"लई छान हाय."

"काय दिसतंय पण?"

"काय असतंय, कांदा," ते म्हणाले, आणि हसले. मग उठले, खुर्ची आत सारली, आणि पहिली पट्टी घेऊन मोरीकडे गेले.

मी सहज वाकून डोळा लावला. आत अंधार होता. उठताना माझ्या कोपराने आरसा खाली फिरला होता. कांदा नाही, पेशी नाही, काही नाही, गच्च काळोख.

मी आरसा वर केला आणि पेशी लगेच दिसायला लागल्या. "दादा, या, आता लागलंय," मी हाक मारली. ते फडक्याला हात पुसत आले. "बघलो ना मी," ते म्हणाले, आणि माझ्या समोरून ती दुसरी पट्टी चिमटीत धरून काढून घेतली. "सुकल्यावर डाग जात नाही. धुऊन टाकतो." आयोडीनचं पाणी मोरीत वाहून गेलं. त्यांनी काचा उजेडात धरून पाहिल्या, पुसल्या, मायक्रोस्कोपच्या भोवती कागद गुंडाळला, आणि सगळं जसं आलं होतं तसं खोक्यात परत बसवलं.

घरात कांदे होते. ब्लेड होतं. दुसऱ्या दिवशी, नाहीतर पुढच्या रविवारी, मला पुन्हा लावता आलं असतं. पण पुन्हा लावायचं म्हणजे दादांना सांगायचं, की त्या दिवशी तुम्हाला काही दिसलं नव्हतं, आणि तुम्ही मला छान दिसलं म्हणालात. साहेबाला सांगावं तसं मला सांगितलंत. हे त्यांच्या तोंडावर म्हणायला माझी जीभ रेटली नाही. आणि पुन्हा बसून त्यांनी पुन्हा तेच सांगितलं असतं तर, ही भीती त्याहून मोठी होती. खोका कपाटावर गेला. यादीचं प्रकरण अर्ज-विनंत्यांत पुढे वर्षभर लोंबकळत राहिलं, आणि नांदेडचा विषय आमच्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

दोन दिवसांनी खोके पाठवणाऱ्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. दादा तेव्हा माझ्यासमोरच टेबल पुसत होते. तिने विचारलं, मॅडम, बॉक्स कैसा लगा. मी म्हटलं, अच्छा है. मायक्रोस्कोप में दिखा क्या, तिने विचारलं. दादांचा हात जरासा थांबला.

"हौ," मी म्हटलं, "बहुत अच्छा दिखा." दादा पुन्हा टेबल पुसायला लागले. वर्षाचे पैसे मी भरले नाहीत.