चुकला-माकला

माझ्या भावाची दारू सुटली, याचा मला आनंद झाला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. दारू होती तोवर आमच्या घरात सगळं तिच्यावर ढकलता येत होतं. पिऊन बोलला, पिऊन विसरला, पिऊन अंगावर धावून आला. माणूस मुळात सोन्यासारखा, असं आई म्हणायची, काका म्हणायचे, कांजूरच्या आमच्या इमारतीतला जो तो म्हणायचा. मला ते कधीच पटलं नव्हतं. पण न पिता सलग चार दिवस राहिलेला भाऊ मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, त्यामुळे माझ्याकडे पुरावा नव्हता.

तो मनोरीला मिळाला. तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रात भावाला ठेवून काही आठवडे झाले होते आणि तिथल्या समुपदेशक बाईंनी मला आणि आईला बोलावून घेतलं. आई तेव्हा घाटकोपरला माझ्याकडे राहत होती. कांजूरच्या खोलीची चावी माझ्या पर्समध्ये होती. भाऊ बाहेर आला की पुन्हा त्याच्याजवळ राहायला जायचं, हा आईचा हट्ट. चावी द्यायची नाही, हा माझा.

मार्वेहून फेरीबोटीत बसलो तेव्हा आईच्या मांडीवर घावण्यांचा डबा होता. तो तिनं उजव्या हातानं धरला होता, कारण डावा तिला नीट वळत नाही. खोलीतल्या मोरीत ती घसरून पडली तेव्हा भाऊ स्टेशनजवळच्या बारमध्ये होता. शेजारच्या वहिनींनी आणि त्यांच्या नवऱ्यानं तिला खुर्चीत बसवून जिन्यानं खाली आणलं, हॉस्पिटलात नेलं. भाऊ दुसऱ्या दिवशी उगवला. आल्या आल्या नर्सवर ओरडला, मला कुणी कळवलं कसं नाही म्हणून. मग आईच्या प्लास्टरचा फोटो काढून स्टेटसला लावला, वर लिहिलं, आई माझं दैवत. माझं डोकं तेव्हा जे तापलं ते अजून निवलेलं नाही.

केंद्राच्या गेटवरच्या वॉचमननं आईला वाकून नमस्कार केला. "तुमचा मुलगा म्हणजे देवमाणूस हो. तुम्हाला पाठीवर घेऊन जिने उतरला ना?"

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "होय तर."

बाई चाळिशीच्या, बोरिवलीच्या. कपाळावर कायमची आठी. मला त्या भेटण्याआधीच आवडत नव्हत्या, कारण भाऊ फोनवर त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलायचा. त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि सरळ विषयाला हात घातला. पिणारा माणूस खोटं बोलतो, दुसऱ्यावर ढकलतो, स्वतःपुरतं बघतो, म्हणाल्या. त्या दिवसांत तपासलं तर सगळेच अहंकारी निघतात. म्हणून अंगातली दारू पूर्ण उतरली, झोप-जेवण सुरू झालं, की मग बघायचं काय उरलं ते. काहींचं सगळं ओसरतं. काहींचं तसंच राहतं, कारण ते दारूच्याही आधीचं असतं. "आणि आधीचं तेवढं घरच्यांनाच ठाऊक असतं. म्हणून तुम्हाला त्रास दिला."

मला वाटलं, अखेर कुणीतरी योग्य प्रश्न विचारला.

"दुसऱ्याचं कौतुक झालेलं त्यांना चालायचं?" बाईंनी विचारलं.

"हळवो आसा तो," आई म्हणाली.

"चूक दाखवली तर?"

"स्वाभिमानी आसा. बापाचो गुण. गिरणीत साहेबाचासुद्धा ऐकून घेईत नसत."

"कुणाची माफी मागितलेली आठवते?"

आईनं खूप विचार केला. "तशी वेळच इली नाय कधी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या दहावीच्या निकालाची गोष्ट सांगितली. मला चांगले मार्क पडले होते, बाबांनी पेढे आणले होते. पेढे वाटायला सुरुवात झाली आणि भाऊ गायब. सगळी इमारत त्याला शोधत फिरली, बाबा स्टेशनापर्यंत जाऊन आले. संध्याकाळी तो गच्चीत टाकीमागे बसलेला सापडला. आईनं त्याला कुशीत घेतलं, बायकांनी दृष्ट काढली, आणि माझ्या निकालाचा पहिला पेढा त्याच्या तोंडात गेला. तेव्हा त्यानं दारूचा थेंबही चाखला नव्हता. मी हे सांगताना माझा आवाज चढला होता. आई म्हणाली, "इतक्या वर्षांनी पेढ्यांसाठी रडतंस काय गो?"

"मग लावा ना शिक्का," मी बाईंना म्हटलं. "स्वतःच्याच प्रेमात पडलेल्या माणसांना तुमच्यात काय म्हणतात, ते लिहून टाका."

"शिक्का लावून तुम्हाला बरं वाटेल, ताई. मला त्यांच्यावर उपचार करायचेत," बाई म्हणाल्या. हे मला झोंबलं. बरं वाटणार होतं हे खरंच होतं.

त्यानंतर व्हरांड्यात सगळे जमले. तिथली पद्धत अशी की घरची माणसं आली की त्यांच्यासमोर उभं राहून, आपल्यामुळे त्यांना काय सोसावं लागलं ते सांगायचं. भाऊ आला. पांढरा सदरा, दाढी घोटलेली, तब्येत झकास. बाकीचे पेशंट त्याला बघून सावरून बसले. सकाळची प्रार्थना आता तोच सांगतो, असं शेजारच्या एकानं मला कौतुकानं सांगितलं.

त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि चक्क गाऱ्हाणं घातलं. आमच्या कोकणात घरातला कर्ता पुरुष सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं घालतो, तसं. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाशी इली हत. त्यांचा काय चुकला-माकला असात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा व्हरांडा गरजला. ज्यांना मालवणीचा गंध नव्हता तेसुद्धा. म्हणजे हे रोज चालत असणार. आईच्या डोळ्यांतून धारा. दोघं-तिघं पेशंटही रडायला लागले. मी त्याच्याकडे बघत बसले. रंगलं होतं, ते कबूल करायला हवं.

बाईंनी हात वर केला. "छान. आता सांगा, कुठली लेकरं?"

भावानं डोळे उघडले. "म्हणजे?"

"चुकलं कुणाचं? इथे तर तुम्ही एकटेच उभे आहात. आईंचा हात मोडला त्या दिवसाचं बोला. एकच वाक्य. 'माझं' पासून सुरू करा."

त्याचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. ओठ आत ओढले गेले, मान ताठ झाली. पेढ्यांच्या दिवशी टाकीमागून बाहेर येताना होता तोच हा चेहरा.

"माझं चुकलं," तो म्हणाला. आईनं माझं मनगट धरलं.

"माझं चुकलं, की मी आपल्या माणसांवर भरवसा टाकला. म्हातारी एकटी आहे हे माहीत असून बहीण घाटकोपरला मजेत होती. त्या दिवशी मला एक फोन केला असता तर मी धावत आलो असतो. पण नाही. मला बदनाम करायचं होतं ना सगळ्यांना!"

"अरे, फोन बंद ठेवून प्यायला बसला होतास तू!" मी ओरडले. बाईंनी मला खुणेनं गप्प केलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि मला वाटलं, चला, आता तरी आईला दिसलं असेल. दारूचा वासही नाही, आणि माणूस तोच.

आई उठली. डबा खाली ठेवून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझाच चुकला रे झिला," ती म्हणाली. "मीच पडलंय. तुका ताप दिलंय."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे आई. झालं गेलं. मी मनात काही ठेवलेलं नाही."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. निघताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "त्यांच्यावरचं काम लांबणार आहे. आईंना सध्या तुमच्याकडेच ठेवा."

परतीच्या बोटीत आईनं तो न वळणारा हात माझ्यापुढे धरला. "चावी दी."

"डोळ्यांनी बघितलंस ना सगळं? तरी?"

"बघलंय मा," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "किती मोठ्या मनान माफ केल्यान माका."

मी चावी दिली नाही. भाऊ सुटून आल्यावर त्यानं कुलूप तोडून नवं लावलं, त्यामुळे माझ्या पर्समधल्या चावीला आता काही अर्थ उरलेला नाही. दारूला तो अजून शिवलेला नाही, हे मान्य करते. आईला न्यायला मात्र तो आलेला नाही. मानानं बोलावलंत तर येईन, म्हणतो. माझ्याशी आई कामापुरतंसुद्धा धड बोलत नाही. रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून त्याला फोन लावते, आणि मी भाजी चिरता चिरता ऐकते, "अजून रागावलंस काय रे? माझाच चुकला. ये मा न्यायला."